वाचवता न आलेली ‘पिएता’

सिनेमातले ‘छुपे’ संदर्भ उलगडणारे व्हिडिओ मी आवडीनं पाहतो. फ्रेम थांबते, लाल बाण येतो, शेजारी मूळ चित्र झळकतं. ओळखल्याचा आनंद होतो आणि बोट पुढच्या व्हिडिओकडे सरकतं. पण ओळखल्यावर पुढे काय? हा प्रश्न आल्फोन्सो क्वारोनच्या ‘चिल्ड्रन ऑफ मेन’नं (२००६) आपल्या आधीच विचारून ठेवलाय.

काळ २०२७चा, स्थळ इंग्लंड. अठरा वर्षांत जगात एकही मूल जन्मलेलं नाही. आश्रयाला आलेल्यांना सरकार पिंजऱ्यांत कोंडतंय. अशात थिओ प्रवासाचे कागद मिळवायला सरकारात वजन असलेल्या नायजेल या नातलगाकडे जातो. तिथे मायकेलअँजेलोचा ‘डेव्हिड’ उभा आहे, तुटलेल्या पायाच्या जागी धातूचा दांडा लावलेला. जेवणाच्या टेबलामागे भिंतभर पिकासोचं ‘गेर्निका’. १९३७ साली एका गावावर झालेल्या बॉम्बफेकीचं हे चित्र, आणि त्याच्यासमोर निवांत जेवण चाललंय. नायजेल जगभरातल्या कलाकृती वाचवून आणतो. ‘पिएता’ मात्र आपण पोचण्याआधीच फोडली गेली, असं तो सांगतो. थिओ म्हणतो, माझ्या आईकडे तिची प्लॅस्टिकची प्रतिकृती होती, बाथरूममध्ये, दिवा म्हणून. आपण हसतो आणि विसरतो.

पुढे बेक्सहिलच्या निर्वासित छावणीत गोळीबार सुरू असताना कॅमेऱ्याला एक बाई दिसते. मुलाचं प्रेत कवटाळून ती आक्रोश करतेय. मायकेलअँजेलोची मेरी येशूचा देह मांडीवर घेऊन शांत बसलेली आहे. या बाईला ती शांतता परवडणारी नाही. फुटलेली ‘पिएता’ ही अशी रस्त्यावर सापडते. क्वारोननं सांगितलंय की हे दृश्य त्यानं बाल्कन युद्धातल्या एका छायाचित्रावरून घेतलं, आणि त्या छायाचित्रामागे ‘पिएता’ होतीच. शिल्पातून बातमीत, बातमीतून सिनेमात. व्हिडिओतला लाल बाण थेट शिल्पाकडे नेतो. वाटेतली खरी आई त्यात गळून पडते.

धार्मिक प्रतीकं तर हा सिनेमा लपवतही नाही. की ही निर्वासित मुलगी आपण गरोदर असल्याचं गोठ्यात, गाईंच्या मधोमध उभी राहून दाखवते. बाप कोण, असं विचारल्यावर आपण कुमारिका असल्याचं सांगून थिओची फिरकी घेते. येशूजन्माशी असलेलं साम्य शोधायचे कष्टसुद्धा आपल्याला पडत नाहीत.

मग शेवटाकडे तो जिना. बाळ रडतं, बंदुका थांबतात. लोक हात पुढे करतात, काही सैनिक गुडघे टेकतात, छातीवर क्रूस रेखतात. बाळ पुढे जातं. कुठेतरी स्फोट होतो आणि क्षणात पुन्हा गोळीबार सुरू.

संदर्भ त्या सैनिकांनीही ओळखला होता.