लक्ष्मी, तोडा स्त्री आणि एकच चेहरा

अंबत्तूरमध्ये मी ज्या दुकानातून किराणा आणते, तिथे गल्ल्याच्या वर राजा रविवर्म्याची लक्ष्मी टांगलेली आहे. कमळावर उभी, चार हातांची. माझ्या आजोळच्या देव्हाऱ्यातही हीच होती. १८९४ साली मुंबईत सुरू झालेल्या आणि पुढे लोणावळ्याजवळ मळवलीला गेलेल्या रविवर्म्याच्या छापखान्याने अशा तसबिरी घरोघर पोचवल्या. देवीबरोबर आदर्श बाईच्या रूपाचा साचाही घरात आला, हे लक्षात यायला मला पुष्पमाला एन. यांची छायाचित्रं पाहावी लागली.

बंगळूरच्या पुष्पमाला यांनी छायाचित्रकार क्लेअर आर्णी यांच्यासोबत २००० ते २००४ या काळात ‘नेटिव्ह विमेन ऑफ साउथ इंडिया: मॅनर्स अँड कस्टम्स’ ही मालिका केली. शीर्षकच वसाहतकाळातल्या जातीजमातींच्या जाडजूड ग्रंथांची थट्टा करतं. ओळखीच्या चित्रांतल्या बायका पुष्पमाला स्वतः होतात: रविवर्म्याची लक्ष्मी, विजापूरच्या लघुचित्रातली योगिनी, वेलांकनीची माता, तमिळ सिनेमातली चाबूकवाली जयललिता. आणि चौकटींच्या पडद्यापुढे उभी केलेली तोडा स्त्री. फोटोवरूनच शरीर मोजता यावं म्हणून दोन-दोन इंचांच्या चौकटींची ही पद्धत जॉन लॅम्प्रे यांनी १८६९ मध्ये मांडली होती.

एकेक छायाचित्र सुटं पाहिलं तर हुबेहूब नक्कल वाटते. शेजारीशेजारी ठेवल्यावर मात्र अस्वस्थ व्हायला होतं. साहेबाची नजर तेवढी वाईट आणि आपली भक्तीची, ही सोयीची वाटणी इथे टिकत नाही. पूजेचं चित्र असो, सिनेमाचं असो की मोजमापाचं, बाईने कसं उभं राहायचं ते दुसऱ्यानेच ठरवलेलं.

तरी एक गोष्ट टोचते. पुष्पमाला यांना तोडा वेश उतरवून घरी जाता येतं. मोजपट्टीपुढच्या मूळ बायकांना ती मुभा नव्हती. अशा फोटोंखाली बहुधा जमातीचं नाव असे, बाईचं नसे. पडद्यामागची तयारी दाखवणारी छायाचित्रंही मालिकेत आहेत. त्यांतून खेळ उघड होतो, पण ही तफावत मिटत नाही. लक्ष्मीपाशी मला हसू आलं, तोडा स्त्रीपाशी आलं नाही.

परवा दुकानात सुटे पैसे घेताना वर पाहिलं. या लक्ष्मीसाठी कोण बाई उभी राहिली असेल, हा प्रश्न मला पहिल्यांदाच पडला.