बेने इस्रायल समाजाचा इतिहास : छायाचित्रे, वस्तू आणि मराठी नोंदी

प्रस्तावना :
कोकणात शतकानुशतके स्थायिक असलेल्या बेने इस्रायल समाजाची लोकसंख्या १९५० च्या सुमारास वीस हजारांच्या घरात होती. इस्रायलच्या स्थापनेनंतर (१९४८) झालेल्या स्थलांतरामुळे ती आज भारतात काही हजारांवर आली आहे. परिणामी या समाजाच्या इतिहासलेखनाची मदार उत्तरोत्तर जुनी छायाचित्रे व वस्तू यांवर राहणार आहे. अशा साधनांच्या जतनात काय टिकते आणि काय निसटते, याची चिकित्सा प्रस्तुत लेखात केली आहे.

वस्तूंची निवड :
संग्रहालयाचा कल साहजिकच धर्मचिन्हांकित वस्तूंकडे असतो. तोराची पेटी किंवा हनुक्काचा दीप पाहताच त्याचे ज्यूपण लक्षात येते. बेने इस्रायलांच्या इतिहासातील महत्त्वाची वस्तू मात्र तेलाचा घाणा आहे. शनिवारी घाणा बंद ठेवणारे म्हणून त्यांना 'शनवार तेली' हे नाव पडले. त्या घाण्यावर कोणतीही हिब्रू खूण नाही. त्याचे वेगळेपण आठवड्यातील एका दिवसाच्या विरामात आहे आणि विराम काचेच्या कपाटात मांडता येत नाही. एलियाहू हन्नाबींच्या स्मरणार्थ गोड पोहे, खोबरे व फळे यांनी सजणाऱ्या मलिद्याच्या ताटाचेही तसेच आहे. नोंद हरवली की ते कोणत्याही कोकणी घरातील ताट ठरते.

१८७४ साली पुण्यात छापलेला सचित्र हगादा याला सन्मान्य अपवाद आहे. वल्हांडणाच्या रात्री वाचल्या जाणाऱ्या या ग्रंथात हिब्रूबरोबर मराठी अनुवाद आहे; बेखमीर भाकरी करणाऱ्या स्त्रिया चित्रात साडी नेसलेल्या आहेत. येथे धर्म आणि प्रदेश एकाच पानावर भेटतात. वस्तू आणि तिचा अर्थ सांगणारी भाषा यांची फारकत झालेली नाही, हेच त्याचे मोल होय.

स्थलांतरित वारसा :
जतनाचा पेच केरळमधील एका उदाहरणाने स्पष्ट होतो. कोचीतील मट्टांचेरी येथील कडवुंभागम सिनेगॉगचे कोरीव लाकडी अंतरंग जेरुसलेमच्या इस्रायल म्युझियममध्ये नेण्यात आले व १९९५ मध्ये तेथे खुले झाले. मट्टांचेरीतील मूळ वास्तू २०१९ च्या पावसात कोसळली. स्थलांतराने कलाकृती वाचली, हे मान्य करावेच लागते. तथापि जेरुसलेममध्ये तिच्याभोवती कोचीची गल्ली व मल्याळम भाषा नाही. स्थळ मागे राहिले आणि तेथे ते पडले.

छायाचित्र आणि नोंद :
वसाहतकालीन छायाचित्रणाने व्यक्तींकडे प्रायः जातीचे नमुने म्हणून पाहिले. विल्यम जॉन्सन यांच्या मुंबईतील जातिजमातींवरील द्विखंडात्मक ग्रंथात (१८६३, १८६६) माणसांची चित्रे वेगळ्याच दृश्यांवर जोडलेली आढळतात. म्हणजे पार्श्वभूमीही विश्वसनीय नाही. याउलट कौटुंबिक छायाचित्राच्या पाठीमागील दोन ओळी नाव, गाव व प्रसंग सांगतात. मात्र त्या वाचण्यास समाजाची मराठी जाणावी लागते. मुंबईतील १७९६ चे शाआर हारहमीम हे सिनेगॉग समाजात 'जुनी मशीद' म्हणून ओळखले जाई. एखाद्या छायाचित्रामागे 'मशिदीसमोर' एवढेच लिहिलेले असेल, तर हा शब्दप्रयोग माहीत नसलेला सूचिकार ते मुस्लिम प्रार्थनास्थळ म्हणून नोंदवील.

समारोप :
जतनाच्या सध्याच्या चर्चेत संगणकीकरणावर भर असतो. परंतु प्रतिमा हजार वर्षे टिकली आणि तिची ओळख हरवली, तर जे उरते ते केवळ जुने चित्र होय. इस्रायलमध्ये वाढलेल्या पिढ्यांची भाषा प्रामुख्याने हिब्रू आहे; महाराष्ट्रात ही मराठी जाणणारे वृद्ध थोडे आहेत. त्यामुळे नोंदी घेण्याची मुदत छायाचित्राच्या कागदापेक्षा कमी आहे. अलिबाग, पेण, पनवेल या परिसरातील महाविद्यालयांच्या मराठी व इतिहास विभागांनी मौखिक निवेदनासह अशा नोंदी सिद्ध करणे हे संग्रहालय उभारण्याइतकेच, किंबहुना त्याआधीचे, कार्य आहे.