पर्यायी प्रेम आणि दुभंगलेला ‘स्व’

योकोयारी मेंगो यांच्या चित्रकथेवरील ‘कुझु नो होंकाई’ (२०१७) ही बारा भागांची जपानी ॲनिमे-मालिका प्रेमत्रिकोणाची कथा म्हणून वाचली की तिचा गाभा निसटतो. हानाबीचे मन वर्गशिक्षक नारुमीत, मुगीचे संगीतशिक्षिका आकानेत गुंतलेले. ही दोन शाळकरी मुले एकमेकांना त्या अप्राप्य व्यक्तींच्या जागी कल्पून जवळ येतात. येथे प्रश्न नीतीचा नाही, आत्मभानाचा आहे: समोरच्याला आपल्या ठिकाणी दुसरेच कोणी दिसत असेल, तर त्या स्पर्शात आपण कोण उरतो? दिग्दर्शक मासाओमी आंदो पडद्याचे चित्रकथेसारखे चौकटींत तुकडे करतात. जवळिकीच्या क्षणीही चेहरे वेगवेगळ्या चौकटींत पडतात. हानाबीची स्वगते मात्र काही वेळा चित्राने सांगितलेलेच पुन्हा सांगतात.

आकाने केवळ खलनायिका नव्हे. इतरांच्या अभिलाषेत स्वतःचे मोल शोधणारी ही स्त्री म्हणजे हानाबीचे संभाव्य भवितव्यच. तिचे विवाहात स्थिरावणे मात्र पटत नाही. नारुमीच्या क्षमाशीलतेवर ते फार सहज सोपवले आहे. हानाबी आणि मुगी शेवटी एकत्र येत नाहीत, हे अधिक प्रामाणिक. हानाबीच्या वाट्याला तेथे प्रथमच, कोणाच्याही जागी नसलेले, तिचे स्वतःचे एकटेपण येते.