चित्रातले मँगनीज आणि पानातले मँगनीज

प्रकाशसंश्लेषण शिकवताना पाण्याच्या विघटनाचे समीकरण फळ्यावर लिहिले, की ‘यासाठी मँगनीज, कॅल्शियम व क्लोराइड लागतात’ हे वाक्य आपण ओघाने म्हणून टाकतो. हल्ली त्याच्या जोडीला एक चित्रही असते. प्रकाशप्रणाली-२ या प्रथिनसंकुलात बसलेली, चार मँगनीज, एक कॅल्शियम आणि पाच ऑक्सिजन अणूंची, वाकड्या खुर्चीसारखी दिसणारी रचना. चित्र देखणे आहे. पण ते मिळाले कसे, आणि त्यावर कितपत विसंबावे, याची चिकित्सा फारशी होत नाही.

प्रथिनाच्या स्फटिकावर क्ष-किरण सोडून, विवर्तनाने मिळालेल्या ठिपक्यांवरून अणूंच्या जागा काढतात. यात एक अडचण आहे. शोषले गेलेले क्ष-किरण अणूंतून इलेक्ट्रॉन उडवतात आणि असा प्रत्येक इलेक्ट्रॉन वाटेत आणखी शेकडो इलेक्ट्रॉन मोकळे करतो. स्फटिक १०० केल्व्हिनपर्यंत थंड केला, तर तुटलेले रेणुखंड बव्हंशी जागीच थिजतात. इलेक्ट्रॉन मात्र हिंडत राहतात. ते जाऊन बसतात कुठे? जिथे त्यांची ओढ सर्वांत जास्त तिथे, म्हणजे +३ किंवा +४ स्थितीतल्या धातूंवर. धातूचे क्षपण होते आणि त्याचे बंध लांबतात. ज्या अणूंसाठी सगळा खटाटोप करायचा, नेमके तेच आधी बिघडतात!

लंडनच्या इम्पीरियल कॉलेजमधील गटाने २००४ साली ३.५ अँगस्ट्रॉम वियोजनाची रचना प्रसिद्ध केली. तीन मँगनीज व कॅल्शियम मिळून एक घन आणि चौथे मँगनीज त्याच्या बाहेर, ही कल्पना तिच्यातून पुढे आली व मोठ्या अंशी टिकली. हे श्रेय मोठेच आहे. पण मँगनीज-मँगनीज अंतर सुमारे २.७ अँगस्ट्रॉम असताना ३.५ अँगस्ट्रॉमच्या नकाशात वेगळे अणू दिसत नाहीत, एक ढेकूळ दिसते. ऑक्सिजनचे अणू नकाशात दिसलेले नव्हते. रसायनशास्त्राला धरून ते बसवलेले होते. आकृतीत मात्र पाहिलेला अणू आणि बसवलेला अणू सारख्याच ठसठशीत गोळ्यांनी काढला जातो. मला हा दोष वियोजनाच्या मर्यादेपेक्षा गंभीर वाटतो.

पुढच्याच वर्षी, २००५ मध्ये, बर्कलेच्या जुन्को यानो, विठ्ठल याचंद्र आणि सहकाऱ्यांनी याच प्रथिनाच्या स्फटिकांवर क्ष-किरण शोषणाचे मापन केले. स्फटिकमितीत वापरतात तशा मात्रेत +३ आणि +४ चे मँगनीज बहुतांशी +२ झालेले आढळले, २.७ अँगस्ट्रॉमची ओळखीची अंतरे पुसली गेली होती. विशेष म्हणजे, विवर्तनाचे ठिपके अजून चांगले असतानाच हे घडते. म्हणून ‘स्फटिक शेवटपर्यंत नीट विवर्तन देत होता’ हा पुरावा धातूच्या बाबतीत अपुरा ठरतो. प्रथिन स्फटिकांसाठी ३ कोटी ग्रे ही मर्यादा २००६ पासून सांगितली जाते. ती विवर्तनाची मर्यादा आहे, मँगनीजची नव्हे.

जपानी गटाचे २०११ चे काम याहून फार सरस. वियोजन १.९ अँगस्ट्रॉम, ऑक्सिजन खरोखर दिसले, खुर्चीचा आकारही याच कामातला. संशोधकांनी मात्राही बरीच कमी ठेवली होती, सुमारे ४.३ लाख ग्रे. तरीही काही मँगनीज क्षपित झालेच असणार. असे असेल तर नकाशा शाबूत आणि बिघडलेल्या रेणूंची सरासरी दाखवतो, आणि त्या सरासरीसारखा रेणू कदाचित एकही नसतो. वर्गात दोन उंचीच्या मुलांची सरासरी काढली, तर त्या उंचीचे मूल सापडेलच असे नाही, तसेच हे.

२०१५ मध्ये जपानमध्येच मुक्त-इलेक्ट्रॉन लेसरचे, सुमारे १० फेम्टोसेकंदांचे स्पंद वापरून अणूंना हलायला वेळ मिळण्याआधीच चित्र घेतले गेले. प्रत्येक स्पंदाला स्फटिकाचा ताजा भाग. मँगनीजमधली अंतरे २०११ च्या तुलनेत ०.१ ते ०.२ अँगस्ट्रॉमने आखूड निघाली. आकडा क्षुल्लक वाटेल, पण +३ आणि +४ यांतला भेद अशाच अंतरांवरून ठरवला जातो.

अर्थात सगळा विचित्रपणा किरणांच्या माथी मारणेही बरे नाही. पाचव्या ऑक्सिजनचे बंध २०११ मध्ये संशयास्पद लांब दिसले होते. २०१५ मध्येही ते लांबच राहिले, एक तर सुमारे २.७ अँगस्ट्रॉम. म्हणजे ती बव्हंशी रचनेचीच खोड असावी. हा अणू पाणी तोडण्याच्या क्रियेत नेमके काय करतो, याचा वाद त्यानंतरही चालू राहिला.

प्रथिन-रचनांच्या जागतिक संग्रहात प्रत्येक स्फटिक-रचनेपुढे वियोजन लिहिलेले असते. स्फटिकाने किती ग्रे सोसले, हे बहुतेक नोंदींत सापडत नाही. धातू असलेल्या प्रथिनासाठी तरी दोन्ही आकडे शेजारी-शेजारी छापायला हवेत, आणि पुस्तकात हे चित्र घेणाऱ्याने त्याखाली ते कोणत्या साली, कोणत्या किरणांनी घेतले, एवढे तरी लिहावे.