खुर्चीखालची फरशी

बमरोलीतल्या नव्या बिल्डिंगांमध्ये सॅम्पल फ्लॅट बघायला गेलं की एक शब्द हमखास कानावर येतो, ‘सिम्पल’. राखाडी सोफा, जवळजवळ फरशीला टेकलेला पलंग, भिंतीवर काही नाही. ‘युरोपियन स्टाइल आहे, काकी’, असं इंटिरियरवाला सांगतो. आपण अपरिग्रहाचं नाव घेणारी माणसं, त्यामुळे साधेपणा म्हटलं की आपण लगेच विरघळतो. पण हा साधेपणा निघाला कुठून आणि वाटेत त्याचं काय झालं, हे घर भरण्याआधी बघायला हवं.

तो निघाला जर्मनीतून. 1919 साली वायमारला बाउहाउस ही शाळा सुरू झाली. नक्षी कमी करा, यंत्राने बनवता येईल असं काहीतरी सर्वांच्या घरासाठी करा, असा एकूण विचार. तिथल्या मार्सेल ब्रॉयरने 1925 च्या सुमारास सायकलच्या हँडलवरून सुचलेली, वाकवलेल्या नळीची खुर्ची केली. विचार चांगलाच होता. पण त्याच काळातली सर्वांत गाजलेली खुर्ची बघा. 1929 च्या बार्सिलोनाच्या प्रदर्शनातल्या जर्मन मंडपासाठी मीस व्हॅन डर रोह आणि लिली राइश यांनी ती केली. (राइशबाईंचं नाव बहुतेक वेळा गळतं. आपल्याला त्याची सवय आहे.) ती सर्वांसाठी नव्हती, स्पेनचे राजाराणी येणार म्हणून होती. आणि तिच्यावर होतं डुकराचं पांढरट कातडं. आपल्यातली कुठलीही सासू त्या साधेपणाला उंबऱ्याबाहेरच थांबवेल.

ही खुर्ची अमेरिकेत रुजवली ती नॉल कंपनीने. हान्स नॉल हा जर्मनीहून आलेला तरुण. त्याने 1938 साली न्यूयॉर्कमध्ये धंदा सुरू केला. त्याची बायको फ्लोरेन्स ही मीसचीच विद्यार्थिनी. तिने आपल्या गुरूची खुर्ची अमेरिकेच्या बाजारात आणली. फ्लोरेन्सबद्दल मला आदर आहे. ऑफिस सजवण्याआधी तिथली माणसं काम काय करतात, कागद कुठे ठेवतात, हे ती विचारून घ्यायची. पण खुर्चीचं व्हायचं तेच झालं. मोठ्या कंपन्यांच्या दर्शनी दालनात ती जाऊन बसली, आता गाईच्या कातड्यात. नक्षी काढून टाकलेली वस्तू स्वतःच दागिना झाली. तिला हात नाहीत, बैठक खोल आणि बुटकी. गुडघ्याला हात लावून उठणाऱ्या बाईने त्यात बसायचं म्हणजे उठवायला दुसरं कोणीतरी हवं. आता तिच्या रेक्झिनच्या नकला मिळतात. पाप नाही, पण अडचण तीच!

दुसरी वाट स्वीडनच्या आयकियाची. ती स्वस्तातली, सुटे भाग खोक्यात घालून देणारी. 1985 साली फिलाडेल्फियाजवळ त्यांचं अमेरिकेतलं पहिलं दुकान उघडलं. तिथे सेंटिमीटरच्या मापाचे पलंग अमेरिकन चादरींना बसेनात, आणि पाण्याचे ग्लास इतके लहान की लोक फुलदाण्या विकत घेऊन त्यातून पाणी पिऊ लागले, असा किस्सा सांगतात. शेवटी मापं बदलावी लागली. म्हणून 2018 मध्ये हैदराबादला दुकान उघडण्याआधी त्यांनी इथली शेकडो घरं आत जाऊन पाहिली आणि आपल्या बायकांची उंची बघून कपाटं खाली आणली. मला ही गोष्ट मनापासून आवडते. कोणाच्या तरी अंगाने नकार दिला की डिझाइन सुधारतं, नुसत्या कौतुकाने नाही.

मग आपला नकार कुठे आहे? माझ्या मते फरशीवर. आपलं घर फरशीवर चालतं. भाजी निवडणं तिथे, पापड लाटणं तिथे, सामायिक तिथे. सुरतेत पोतुं म्हणतात ते ओलं फडकं रोज फिरतं. जमिनीपासून दोन बोटं उंच असलेल्या सोफ्याखाली ना कुंचा जातो ना नजर. आत कोळी जाळं करतो, मुंग्या रांग लावतात, आणि आपण न बघता फडकं सरकवतो. आधी बघावं, मग हात घालावा, ही जयणा तर लहानपणीच शिकवलेली. जिथे वाकूनही दिसत नाही तिथे ती पाळायची कशी? शिवाय दाबलेल्या भुश्याच्या बोर्डाला पाणी मुरलं की कड फुगते. ती रंधून सारखी होत नाही, सुतार हात वर करतो. मग फेका आणि नवीन आणा. स्वस्त म्हणून तिसऱ्यांदा घेतलेलं कपाट अपरिग्रहात कसं बसवायचं, ते मला कोणी समजावून सांगावं.

युरोपाचंच चांगलं उदाहरण आहे की. व्हिएन्नाच्या थोनेटची 1859 ची 14 नंबरची खुर्ची. वाफेवर वाकवलेल्या बीच लाकडाचे 6 तुकडे, 10 स्क्रू, 2 नट. सुट्या केलेल्या 36 खुर्च्या एक घनमीटर खोक्यात मावायच्या, म्हणजे आयकियाच्या कितीतरी आधी. मुंबईच्या इराण्याकडे बसलेल्या प्रत्येकीने त्याच घराण्यातल्या खुर्चीला पाठ टेकलेली असते. उचलायला हलकी, पाय उंच, खालून हात फिरतो. वेताची बैठक फाटली तर परत विणता येते. साधी म्हणायची तर ही.

आणि एक काम अजून कोणीच केलेलं नाही. स्थानकात हल्ली मागच्या भिंतीलगत प्लास्टिकच्या खुर्च्यांची रांग लागते. आसनावर बसवत नाही अशा बायका त्यात 48 मिनिटं सामायिक करतात. पाय लोंबकळतात, पुस्तक मांडीवरून घसरतं, पुंजणी ठेवायला जागा नाही, वंदनासाठी उठायचं तर खुर्चीच मागे सरकते. त्यांची मापं घ्यायला ना स्वीडनचा माणूस आलाय, ना आपल्या पांडेसऱ्याचा सुतार.