किशोरवयीनांच्या घातक सवयींचे मोजमाप : शालेय सर्वेक्षणाची एक चिकित्सा

किशोरवयीनांच्या आरोग्यास घातक सवयी मोजण्याचे आजचे प्रचलित साधन म्हणजे वर्गात बसवून भरून घेतलेली निनावी प्रश्नावली. अमेरिकेत १९९१ पासून ही पद्धत रूढ आहे. जागतिक आरोग्य संघटनेच्या शालेय आरोग्य सर्वेक्षणासाठी चीनने २००३ मध्ये बीजिंग, हांगझोऊ, वुहान व उरुमची ही चार शहरे निवडली. भारतात २००७ मध्ये ते सी.बी.एस.ई.च्या शाळांपुरते झाले. संदर्भ देताना मात्र आपण सर्रास ‘चिनी मुले’, ‘भारतीय मुले’ असे लिहून मोकळे होतो.

तंबाखूचे उदाहरण अधिक बोलके आहे. २०१९ च्या जागतिक युवा तंबाखू सर्वेक्षणानुसार भारतातील १३ ते १५ वयाच्या विद्यार्थ्यांपैकी ८.५ टक्के तंबाखू वापरतात. २००९ मध्ये हे प्रमाण १४.६ टक्के होते. घट मोठी आहे आणि ती खोटी आहे असे आमचे म्हणणे नाही. परंतु याच दशकात बाजार बदलला. १ एप्रिल २०१२ रोजी गुटख्यावर बंदी घालणारे मध्य प्रदेश हे देशातील पहिले राज्य ठरले. त्यानंतर साधा पान मसाला एका पुडीत आणि तंबाखू दुसऱ्या पुडीत, असा जोडविक्रीचा मार्ग निघाला. भोपाळच्या टपऱ्या ज्यांनी पाहिल्या आहेत त्यांना हे सांगायला नको. आता जो मुलगा फक्त पहिली पुडी खातो, तो ‘तंबाखू घेतोस का?’ या प्रश्नाला प्रामाणिकपणे ‘नाही’ म्हणेल. वास्तविक सुपारी स्वतःच कर्करोगकारक असल्याचा निष्कर्ष आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेने २००४ मध्येच प्रसिद्ध केला आहे. मुलगा खोटे बोललेला नाही. व्याख्याच अपुरी आहे.

‘गेल्या ३० दिवसांत एकदा तरी’ या निकषात कुतूहलाने एकदा चव घेणारा आणि रोज खाणारा, दोघेही एकाच टक्केवारीत बसतात, हे वेगळेच.

शिवाय गॅरेजवर किंवा हॉटेलात काम करणारा, शाळा सुटलेला मुलगा या मोजणीत येतच नाही. प्रौढांचे सर्वेक्षण घरोघर जाऊन होते. २०१६-१७ मध्ये मध्य प्रदेशात १५ वर्षांवरील ३४.२ टक्के लोक तंबाखू वापरत होते. हा आकडा विद्यार्थ्यांच्या आकड्याशेजारी मांडून ‘नवी पिढी सुधारली’ असा निष्कर्ष काढणे शास्त्रीय नव्हे. वय वेगळे, नमुनाही वेगळा.

आपल्या महाविद्यालयांतील प्रकल्पांत हीच प्रश्नावली भाषांतरित करून वापरली जाते, म्हणून हा प्रपंच. निदान सुपारी व पान मसाल्याचा प्रश्न स्वतंत्र ठेवावा, मुले त्या पुडीला काय म्हणतात ते आधी विचारून तोच शब्द छापावा, आणि भरलेले कागद वर्गशिक्षकांच्या हाती न देता बंद पेटीत टाकू द्यावेत.