चोर, कुलूप आणि गिऱ्हाईक

आजचा प्रश्न साधा दिसतो. संगणकावरच्या गेमचा जीव कोण घेतंय? पायरसी, की पायरसी रोखायला बसवलेली कुलपं? कंपन्या चोरांकडे बोट दाखवतात, खेळणारे कंपन्यांकडे. तत्त्वज्ञान शिकवणाऱ्यानं यात कशाला पडावं, असं तुम्हांला वाटेल. पण हा वाद मालकीचा आहे आणि विश्वासाचा आहे, म्हणून आम्ही तो आज घेतला.

आधी एक गोष्ट निकालात काढू. पीसी गेमिंग मेलेलं नाही. मार्च २०२५ मध्ये स्टीम या एका ऑनलाइन दुकानात एकाच वेळी ४ कोटींहून अधिक लोक लॉग-इन होते. मेलेल्या बाजारात एवढी गर्दी नसते. तरीही या भांडणात काहीतरी गमावलं गेलं आहे. ते काय, हे आपल्याला शोधायचं आहे.

पायरसीची बाजू घेणारे एक युक्तिवाद नेहमी करतात. सायकल चोरली तर मालकाची सायकल जाते. गेमची कॉपी केली तर मूळ गेम जागच्या जागी राहतो, मग चोरी कसली? यावर इमॅन्युएल कांटनं १७८५ साली एक छोटा निबंध लिहिला होता. त्या वेळी प्रश्न पुस्तकांच्या चोरट्या आवृत्त्यांचा होता. कांट म्हणतो, पुस्तकात दोन गोष्टी असतात. एक म्हणजे हातात धरता येणारी वस्तू, आणि दुसरी म्हणजे लेखकानं वाचकांशी केलेलं बोलणं. वस्तू विकत घेणाऱ्याची होते, बोलणं मात्र लेखकाचंच राहतं. चोरटा प्रकाशक लेखकाची परवानगी नसताना लेखकाच्या वतीनं बोलतो, हा त्याचा अपराध.

आता गंमत बघा. या विचारानं पायरसी चूकच ठरते, त्यात शंका नाही. पण त्याच विचारानं गिऱ्हाइकाचाही हक्क पक्का होतो. पैसे मोजून घेतलेली प्रत त्याची आहे. तिचं काय करायचं हे तो ठरवणार. कांटचा पहिला अर्धा भाग कंपन्यांच्या फार कामाचा आहे. दुसऱ्या अर्ध्याकडे त्या डोळेझाक करतात.

पायरसीनं नुकसान होतं की नाही? होतं. २०१३ साली ग्रीनहार्ट गेम्स या दोन भावांच्या छोट्या कंपनीनं ‘गेम डेव्ह टायकून’ नावाचा गेम काढला. खेळणाऱ्यानं गेम बनवणारी कंपनी चालवायची, असा तो खेळ. त्यांनी मूळ गेमला कुलूप लावलं नाही. उलट विक्री सुरू होताच स्वतःच एक ‘क्रॅक’ केलेली प्रत चोरट्या जाळ्यात सोडून दिली. त्या प्रतीत एक बदल होता. थोडं पुढे गेलं की लोक तुमचे गेम फुकट उतरवायला लागतात आणि तुमची कंपनी बुडते. पहिल्या दिवशी खऱ्या प्रतीवर खेळणारे २१४ होते, आणि त्या चोरट्या प्रतीवर ३१०४. त्यातल्या काहींनी तक्रार केली, की आमचे गेम लोक चोरतात, या खेळात कॉपी प्रोटेक्शन शोधून काढता येतं का?

हसू येतं खरं. पण समीक्षक म्हणून विचाराल तर ही युक्ती आम्हांला कुठल्याही कुलपापेक्षा श्रेष्ठ वाटते. तिनं कुणाला अडवलं नाही. चोराला तिनं काही तास दुकानदाराच्या जागेवर बसवलं. नीतिशास्त्राच्या वर्गात आम्ही जे तासन्‌तास सांगत असू, ते त्या खेळानं करून दाखवलं. आणि ज्यानं पैसे दिले त्याला काडीचाही त्रास झाला नाही.

आता कुलपांकडे येऊ. २००८ च्या सप्टेंबरमध्ये ‘स्पोअर’ हा बहुचर्चित गेम आला. त्यात सिक्युरॉम नावाचं कुलूप होतं, आणि विकत घेतलेली प्रत फक्त ३ वेळा चालू करता येईल अशी अट होती. म्हणजे संगणक बदलला की एक संधी गेली. लोक इतके चिडले, की ॲमेझॉनवर एका ताऱ्याच्या अभिप्रायांचा ढीग पडला. कंपनीनं ३ चे ५ केले. इकडे क्रॅक केलेली प्रत बिनअटीची फिरत होती. चोराला कसलीही मर्यादा नाही, गिऱ्हाइकाला मात्र मोजून मापून!

२०१० च्या मार्चमध्ये युबिसॉफ्टनं ‘असॅसिन्स क्रीड २’ पीसीवर आणला. एकट्यानं खेळायचा गेम, तरी खेळताना इंटरनेट सतत चालू हवं आणि कंपनीच्या सर्व्हरशी जोडणी हवी. काही दिवसांतच ते सर्व्हर कोलमडले. पैसे देऊन गेम घेतलेली माणसं घरात हात चोळत बसली. घराला कुलूप लावावं, किल्ली दुकानदाराकडे ठेवावी आणि दुकानदारच दार उघडेना, अशी ती गत. पुढे २०१२ पर्यंत कंपनीनं ही अट सोडून दिली.

तिसरं उदाहरण जास्त बोलकं आहे. २०१५ साली विंडोज १० आलं, आणि सेफडिस्क व सिक्युरॉम ही जुनी कुलपं सुरक्षेच्या कारणावरून त्यात चालेनाशी झाली. परिणामी कपाटात जपून ठेवलेल्या, रोख पैसे देऊन घेतलेल्या कितीतरी सीडी निरुपयोगी झाल्या. गेम शाबूत, सीडी शाबूत, फक्त कुलूप गंजलं. तीच सीडी चालवायची तर अनेकदा चोरांनी केलेला क्रॅक शोधावा लागतो. लॅमिंग्टन रोडच्या फुटपाथवर ज्यानं नकली सीडी घेतली त्याचं चालतं, दुकानातून बिलासकट घेतली त्याचं अडतं. कायदा पाळणाऱ्याला ही शिक्षा का, याचं उत्तर कुणी देत नाही.

कुणी म्हणेल, मग कुलपं काढूनच टाका. थांबा, इतकं सोपं नाही. डेनुव्हो हे २०१४ पासून वापरात असलेलं कुलूप घेऊन केलेला एक अभ्यास २०२४ साली प्रसिद्ध झाला. त्याचा निष्कर्ष असा, की गेम बाजारात येताच पहिल्या आठवड्यात कुलूप तुटलं, तर उत्पन्न सुमारे एक पंचमांश घटू शकतं. शेकडो माणसांची काही वर्षांची मेहनत असते. हा आकडा थट्टेवारी नेण्यासारखा नाही. पण त्याच अभ्यासाचा दुसरा भाग वाचा: सुमारे १२ आठवडे उलटल्यावर कुलूप तुटलं, तर नुकसान जवळजवळ होतच नाही. म्हणजे कुलपाचं काम तीन महिन्यांचं. पुढे वर्षानुवर्षं ते कुणाविरुद्ध लटकत असतं? चोर तर निघून गेलेला असतो.

उलट बाजूही आहे. ‘द विचर ३’ हा गेम २०१५ साली गॉग या दुकानात कुठल्याही कुलपाविना विकला गेला. सगळ्या यंत्रांवरची, सगळ्या दुकानांतली मिळून त्याची विक्री २०२३ पर्यंत ५ कोटी प्रतींच्या पुढे गेली. कुलूप नसलं की धंदा बुडतोच, हे यावरून तरी दिसत नाही.

आता मुद्द्यावर येतो. काय गमावलं गेलं? विकत घेणं गमावलं गेलं. चोराला अडवता अडवता कंपन्यांनी विकण्याची वस्तूच बदलली. आज स्टीमवर आपण गेम घेतो असं म्हणतो, पण मिळतो तो वापराचा परवाना. स्टीम सोयीचं आहे म्हणून लोकांनी ते कुलूप आनंदानं स्वीकारलं, हेही खरं. पण ३१ मार्च २०२४ ला युबिसॉफ्टनं ‘द क्रू’ या २०१४ च्या गेमचे सर्व्हर बंद केले, आणि ज्यांनी पैसे दिले होते त्यांच्याही हातून तो गेला. त्यावर युरोपात जे निवेदन निघालं, त्याला २०२५ च्या जुलैत १० लाखांवर सह्या झाल्या. कुणीही फुकट गेम मागत नव्हतं. घेतलेला गेम चालता ठेवा, एवढंच म्हणणं होतं.

आपल्याकडचा कायदा या बाबतीत बराच शहाणा आहे. कॉपीराइट कायद्यात २०१२ साली ६५अ हे कलम आलं. हक्कभंग करण्याच्या हेतूनं कुलूप तोडणं हा त्यात गुन्हा आहे. पण कायद्यानं मना न केलेल्या कामासाठी तोडलं तर नाही. म्हणजे हेतू बघितला जातो. १९९८ चा अमेरिकी कायदा आधी तोडायला बंदी घालतो आणि मग अपवाद मोजत बसतो.

म्हणून आमचं मागणं मर्यादित आहे. निर्मात्यानं कुलूप जरूर लावावं, पण ते कधी काढणार याची तारीख खोक्यावर, नाहीतर दुकानाच्या पानावर छापावी. औषधाच्या बाटलीवर मुदत छापतात ना, तशी. सर्व्हर बंद करायचा तर आधी गेम स्वतंत्रपणे चालेल असा करून द्यावा. आणि आपण खेळणाऱ्यांनी, परवडत नसेल तर सवलतीची वाट बघावी, चोरू नये. दोन्ही बाजूंनी एवढं पाळलं, तर विकणारा आणि घेणारा हे नातं अजून वाचू शकतं. प्रश्न असतील तर आता विचारा.